'थर्ड डिग्री' : पहिल्या दोन कुठे गेल्या?

एका अनुवादात वाचलं: 'घरी उशिरा पोचलो तर आईने थर्ड डिग्री दिली.' इंग्रजीत हे सहज चालतं. मराठीत मात्र आईने पट्ट्याने फोडून काढल्यासारखं वाटतं. इथे काय लिहावं? आणि ही तिसरी डिग्री आली कुठून?

— पहिल्या दोन फ्रीमेसन मंडळींकडे, म्हणजे दीक्षाविधी आणि गुप्त खुणा पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेकडे आहेत. त्यांच्यात शिकाऊ, सहकारागीर आणि मास्टर मेसन अशा तीन पायऱ्या असतात. तिसरीचा दीक्षाविधी सर्वांत कडक, त्यात प्रश्नोत्तरंही आली. त्यावरून अमेरिकेत कसून चौकशीला 'थर्ड डिग्री' म्हणू लागले, ही व्युत्पत्ती बहुतेक कोशांना मान्य आहे.

वॉशिंग्टनचे पोलीसप्रमुख रिचर्ड सिल्व्हेस्टर यांनी 1910 मध्ये वेगळीच फोड केली: अटक ही पहिली, कोठडीत नेणं दुसरी, चौकशी तिसरी. मला ही सारवासारव वाटते. शब्द तोवर पुरता बदनाम झाला होता. न्यूयॉर्कचे डिटेक्टिव्ह थॉमस बर्न्स यांच्या आडनावावरून तो आला असंही सांगतात. बर्न्स म्हणजे भाजल्याच्या जखमा, त्याही तिसऱ्या डिग्रीच्या! कोटी झकास आहे, व्युत्पत्ती म्हणून सोडून द्या.

— पण मुळात अर्थ मारहाणीचाच ना?

— नुसता मारहाणीचा नाही. अमेरिकेतल्या विकरशॅम आयोगाने 1931 च्या अहवालात, माहिती काढून घेण्यासाठी दिलेला शारीरिक किंवा मानसिक त्रास, अशी व्याख्या केली. म्हणजे झोपू न देणं, पाळीपाळीने तासन्‌तास प्रश्न विचारत राहणं हेही त्यात आलं. पुढे इंग्रजीत शब्द मवाळ होत घरगुती थट्टेत शिरला. आपल्याकडे तो पोलीस ठाण्याच्या बातम्यांतून आला आणि तिथेच राहिला, त्यामुळे 'थर्ड डिग्री वापरली' म्हटलं की डोळ्यांसमोर पट्टाच येतो.

— मग आईसाठी 'प्रश्नांची सरबत्ती'?

— चालेल. सरबत्ती मूळची बंदुकांची, म्हणजे भडिमार आला. पण भडिमारात उत्तर ऐकायला कोण थांबतं? आई उत्तरातली खोट शोधत असेल तर 'उलटतपासणी' बरी. 'फैलावर घेतलं' नको, त्यात प्रश्नांपेक्षा रागावणं जास्त. 'झाडाझडती'तही दटावणी आहेच, शिवाय झडती म्हणजे खिसे-पिशव्या तपासणं. तुमच्या वाक्यातल्या आईने तेही केलं असेल, तर बिनधास्त वापरा.