विषय: जुने रेल्वे फोटो आणि ‘कोल्हापूर’ नावाचं इंजिन

प्रेषक: ताई, लीड्स
रविवार, रात्री

नमस्कार मंडळी,

आमच्या शेजारचे इंग्रज आजोबा घर मोकळं करून वृद्धाश्रमात राहायला गेले. इथल्या होल्बेकच्या लोको शेडमध्ये आधी क्लीनर, मग फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारे) होते. जाताना त्यांनी बुटांच्या खोक्यात भरलेले फोटो माझ्या हातात दिले. मुलांना त्यात रस नाही म्हणाले. सगळे त्यांनी स्वतः काढलेले. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढे, आणि बहुतेकांच्या मागे पेन्सिलीने फक्त इंजिनाचा नंबर.

तीन स्कॅन करून सोबत जोडलेत.

पहिल्याच्या मागे ४५५९३ लिहिलंय. हा नंबर इंटरनेटवर शोधला आणि उत्तर आलं ‘कोल्हापूर’! माझं माहेर इचलकरंजीचं, त्यामुळे मी आधी स्क्रीनकडे आणि मग फोटोकडे बघतच राहिले. पण फोटोत इंजिनावर नाव कुठेच दिसत नाही. मग हे तेच का? आणि इंग्लंडमधल्या इंजिनाला आपल्या कोल्हापूरचं नाव कसं?

दुसऱ्या फोटोत काळं, चौकोनी, वर पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा सांगाडा) असलेलं इंजिन आहे. तिसऱ्यात शेडच्या अंगणात इंजिनासमोर चार माणसं उभी आहेत आणि अगदी कडेला, हातात लांब दांड्याचं फावडं घेतलेला एक फेटेवाला. मागे नंबर आहे, माणसांबद्दल एक अक्षर नाही.

डर्बीच्या काकांना यातलं कळेल असं वाटतं. काका, वेळ मिळेल तसं बघाल का? आणखी कुणाला काही सांगता आलं तर तेही लिहा.

- ताई

---

प्रेषक: काका, डर्बी
सोमवार, दुपारी

ताई,

सकाळपासून दुसरं काही सुचलेलं नाही. पहिला फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा बघितला. हे कोल्हापूरच आहे, शंभर टक्के.

आधी नावाचं सांगतो. एलएमएस या इथल्या रेल्वे कंपनीने १९३४ ते १९३६ या काळात १९१ इंजिनं बांधून घेतली. चीफ मेकॅनिकल इंजिनियर होते विल्यम स्टॅनियर. १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली, तेव्हा त्यातल्या एकाला ‘सिल्व्हर ज्युबिली’ नाव दिलं आणि सगळी जातच ‘ज्युबिली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. बाकीच्यांना साम्राज्यातल्या मुलखांची नावं मिळाली, पुढे आरमारी सरदारांची आणि जहाजांची. हिंदुस्थानचा गट ओळीने येतो. ५५७५ मद्रास, ५५७६ बॉम्बे, ५५७७ बेंगॉल. आपल्या नागपूरचा मुलूख ५५८२ ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ मध्ये आला. मग संस्थानं. त्यात ५५८७ बडोदा, ५५८९ ग्वाल्हेर, ५५९२ इंदूर, ५५९३ कोल्हापूर. गायकवाड, शिंदे, होळकर आणि छत्रपतींची गादी, चौघांच्या राजधान्या स्कॉटलंड ते लंडन धावत होत्या!

कोल्हापूर १९३४ चं, ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत बांधलेलं. १ जानेवारी १९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि एलएमएसच्या इंजिनांच्या नंबरात ४०,००० मिळवले गेले. ५५९३ चं ४५५९३ झालं ते असं. जुन्या फोटोत नंबर चार आकडी आहे की पाच आकडी, एवढ्यावरूनही काळाचा पहिला अंदाज बांधता येतो.

आता हा फोटो कधीचा? पुढच्या गोल दरवाज्याच्या खालच्या बाजूला अंडाकृती छोटी पट्टी आहे, तिच्यावर ‘५५ए’ वाचता येतं. हा होल्बेक शेडचा कोड. १९५७ पर्यंत होल्बेकचा कोड २०ए होता, म्हणजे फोटो त्यानंतरचा. मग कॅबकडे (ड्रायव्हरच्या केबिनकडे) बघा. नंबरावरून गेलेला फिकट तिरका पट्टा दिसतो, तो प्रत्यक्षात पिवळा असायचा. विजेच्या तारा टाकल्यावर काही जातींच्या इंजिनांना क्रू या स्टेशनाच्या दक्षिणेला तारांखाली जायची बंदी झाली. ती ओळखू यावीत म्हणून १ सप्टेंबर १९६४ पासून हा पट्टा मारला. आणि नाव का नाही? शेवटच्या वर्षांत पितळी पट्ट्या चोरीला जाऊ लागल्या, म्हणून बऱ्याच इंजिनांवरून त्या आधीच काढून ठेवल्या. चाकावरच्या कमानदार पत्र्यावर पट्टीची रिकामी जागा स्पष्ट दिसते.

कोल्हापूर सेवेतून निघालं ऑक्टोबर १९६७ मध्ये, होल्बेकहूनच. म्हणजे फोटो सप्टेंबर १९६४ नंतरचा आणि ऑक्टोबर १९६७ च्या आतला. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा आहे, ती एक्स्प्रेसची खूण. मागच्या पाटीची शेवटची अक्षरं लावली तर ॲपलबी वेस्ट हे स्टेशन होतं, म्हणजे सेटल–कार्लाइल मार्ग. १९६७ च्या उन्हाळ्यात होल्बेकची शेवटची ज्युबिली इंजिनं, कोल्हापूर आणि अल्बर्टा, शनिवारच्या ग्लासगो गाड्या लीड्स ते कार्लाइल ओढायची. लोक मैलोन् मैल चालत जाऊन त्यांचे फोटो काढायचे. माझा कौल त्याच उन्हाळ्याला. आजोबांना विचारून खात्री करा.

दुसरा फोटो वुडहेड मार्गाचा, मँचेस्टर ते शेफील्ड. त्याबद्दल आपला मँचेस्टरचा मुलगा जास्त सांगेल.

तिसऱ्याबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. माझे वडील परळच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्या काळचे तिथले फोटो मी पाहिलेत. इंजिनाचा नंबर, तारीख, साहेबाचं नाव, सगळं खाली छापलेलं असतं आणि चाकाशी उभ्या असलेल्या माणसांची नोंद ‘कर्मचारी’ अशी. इथेही तसंच. हौशी फोटोवाल्यांना सूर्य पाठीशी, इंजिन पाऊण बाजूने आणि चौकट मोकळी हवी असायची. माणूस मध्ये आला तर त्याने बाजूला व्हायची वाट बघायचे. एरिक ट्रेसी हे पाद्री, पुढे वेकफील्डचे बिशप झाले. त्यांचे होल्बेकचे फोटो गाजले, कारण ड्रायव्हर-फायरमन त्यांच्या ओळखीचे होते. १९७८ मध्ये ते गेले तेही याच ॲपलबीच्या फलाटावर. पण असे थोडेच.

फेटेवाला उभा आहे त्या जागेखाली राखेचा खड्डा असतो. परत आलेल्या इंजिनाची आग पाडायची, राख ओढायची, पुढच्या पेटीतली काजळी फावड्याने उपसायची. शेडमधलं हे सगळ्यात घाण काम. आणि हा काळ कोणता? लंडनच्या मेरिलबोन स्टेशनचे गार्ड ॲस्क्विथ झेवियर, डॉमिनिकाहून आलेले, यांना तिथल्याच युस्टन स्टेशनवर नेमणूक नाकारली ती १९६६ मध्ये, वर्णावरून. खूप आरडाओरडा झाला तेव्हा १५ ऑगस्ट १९६६ ला ते युस्टनवर रुजू झाले. त्या इंग्लंडमधला हा फोटो आहे. त्या माणसाचं नाव सांगू शकणारे आजोबा अजून आहेत. ताई, बाकी सगळं राहू दे, आधी ते विचारून घ्या.

- काका

---

प्रेषक: वहिनी, बर्मिंगहॅम
सोमवार, रात्री

काका, वाचताना अंगावर काटा आला. मी खुद्द कोल्हापूरची, शाहूपुरीतली.

एक आनंदाची गोष्ट. ते इंजिन भंगारात गेलं नाही! १९१ ज्युबिलींपैकी चार वाचली: कोल्हापूर, बहामाज, लीअँडर आणि गॅलाटिया. कोल्हापूर आमच्या इथे टायसली शेडच्या मंडळींनी घेतलं. शेड उघडी ठेवतात तेव्हा मी मुलांना घेऊन गेले होते. पट्टीवर इंग्रजीत कोल्हापूर वाचून धाकटीने विचारलं, आजीकडे जाताना आपण या गाडीने गेलो होतो का?

गेलो नसतोच. मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो मीटर गेजवर, आणि १९७१ पर्यंत तसाच होता. एक मीटर रुंदीचा रूळ. हे इंजिन साडेछप्पन्न इंची रुळाचं. म्हणजे ज्या गावाचं नाव मिरवत ते तीसेक वर्षं धावलं, त्या गावात त्याला उभंही राहता आलं नसतं. बडोद्याचं डभोईचं जाळं तर अडीच फुटी आणि ग्वाल्हेरचं दोन फुटी.

मला वाटतं हे फोटो आपल्या दिवाळी अंकात यावेत. मुखपृष्ठावर कोल्हापूर. काय म्हणता?

- वहिनी

---

प्रेषक: मँचेस्टरहून
मंगळवार, पहाटे

काका, वहिनी, ताई,

आधी दुसरा फोटो. ते ईएम१ जातीचं इंजिन, पुढे त्याला क्लास ७६ म्हणू लागले. वुडहेड मार्गाचं विद्युतीकरण १९५४ मध्ये पूर्ण झालं, १५०० व्होल्ट डीसीवर. मुंबईच्या लोकलचा आणि घाटातल्या गाड्यांचा व्होल्टेज तोच होता, अगदी अलीकडे एसी येईपर्यंत. या इंजिनांचं विजेचं काम आमच्या ट्रॅफर्ड पार्कच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सने केलेलं, आणि जीआयपीची (आजच्या मध्य रेल्वेची) प्रवासी इलेक्ट्रिक इंजिनंही त्यांनीच पुरवलेली. माझ्या मामांनी कल्याणला पाहिलेली यंत्रं आणि पेनीन डोंगरातली ही यंत्रं एका घरची आहेत. वुडहेडवरच्या प्रवासी गाड्या १९७० मध्ये बंद झाल्या, मालगाड्या १९८१ मध्ये. आज डोंगरातल्या वुडहेड बोगद्यात रूळ नाहीत.

मुखपृष्ठाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ही नावं कोल्हापूरच्या मानासाठी दिलेली नव्हती. आमच्या मालकीचं काय काय आहे, याची ती यादी होती. बेंगॉल, बर्मा, पंजाब, आसाम, सगळं एका ओळीत, नंबर टाकून. आपण त्यावर ‘आपलं इंजिन’ म्हणून खूश झालो तर मला ते बोचेल. छापायचंच असेल तर तिसरा फोटो छापूया.

शिवाय हक्काचा मुद्दा आहे. प्रिंट हातात आली म्हणून छापण्याचा हक्क येत नाही. तो फोटो काढणाऱ्याकडे राहतो आणि त्याच्यानंतर ७० वर्षं वारसांकडे. आजोबांची लेखी परवानगी लागेल.

---

प्रेषक: काका, डर्बी
मंगळवार, संध्याकाळी

बाळा, यादीचं तू म्हणतोस ते खरं आहे आणि ते अंकात लिहिलंही पाहिजे. पण त्या नावाला दुसरीही बाजू आहे. लीड्सचा फायरमन रात्री ड्यूटी लावताना फळ्यावर नंबर बघायचा आणि म्हणायचा, आज माझ्याकडे कोल्हापूर आहे. त्याला ते गाव ठाऊक नव्हतं, पण त्या इंजिनावर त्याचा जीव होता. त्या माणसांनीच पदरचे पैसे घालून ते वाचवायला हातभार लावला. राजाच्या ज्युबिलीसाठी कुणी वर्गणी काढली नसती.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन्ही फोटो छापू. तिसरा मुखपृष्ठावर, कोल्हापूर आत, पूर्ण पानभर, आणि सोबत तुझा लेख, एकही वाक्य न कापता.

स्कॅनिंगबद्दल ताईंसाठी: प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करा, पेन्सिलीचा नंबर हा फोटोचाच भाग आहे. किमान सहाशे डीपीआय ठेवा. निगेटिव्ह असतील तर त्यावरून करा, पण स्कॅनरची धूळ काढायची इन्फ्रारेड सोय बंद ठेवा. कृष्णधवल फिल्मवर चांदी असते, ती सोय चांदीलाच धूळ समजते आणि चेहरे खराब करते. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, प्रिंट काचेवर पालथी ठेवून. बॉलपेन नको, चिकटपट्टी तर नकोच नको.

- काका

---

प्रेषक: ताई, लीड्स
शनिवार, रात्री

मंडळी,

आज जाऊन आले. लॅपटॉपवर फोटो मोठे करून दाखवले. काकांचा कौल बरोबर निघाला: १९६७, जुलैमधला शनिवार, ॲपलबीला पाणी घ्यायला गाडी थांबली तेव्हाचा. आजोबा त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते, तिकीट काढून त्याच गाडीत बसले होते.

तिसऱ्या फोटोवर खूप वेळ गेला. चौघांची नावं पटापट सांगितली. कोण कुणाचा मेहुणा, कोणाला मासेमारीचा नाद, तेही. फेटेवाल्यापाशी थांबले. शेडमध्ये त्याला सगळे एका इंग्रजी टोपणनावाने हाक मारायचे. ते मला सांगताना आजोबांना लाज वाटली, चेहऱ्यावर दिसत होतं. खरं नाव आठवायला वेळ लागला, पण आठवलं, आडनावासकट. जालंधरकडचा माणूस. रात्रपाळीत स्वतःच्या डब्यातली भाजी फावड्यावर ठेवून फायरबॉक्समध्ये गरम करून द्यायचा. आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिखट खाल्लं ते तिथे.

नाव मी मऊ पेन्सिलीने मागे लिहिलंय. इथे लिहीत नाही, कारण त्यांचं कुटुंब ब्रॅडफर्डला असावं असं आजोबा म्हणतात. तिथल्या गुरुद्वारात माझ्या मैत्रिणीच्या ओळखी आहेत. आधी त्या घरी प्रिंट पोचवायची, त्यांनी हो म्हटलं तरच अंकात.

आजोबांनी परवानगीच्या कागदावर सही केली. एकच अट घातली: इंजिनांचे नंबर चुकवू नका.

आणि हो, पलंगाखालून त्यांनी निगेटिव्हचा डबा काढून दिला. प्रत्येक पट्टी बटर पेपरात गुंडाळलेली. कुणाकडे फिल्म स्कॅनर आहे का? दोन आठवड्यांसाठी उसना मिळाला तर मी लीड्सहून येऊन घेऊन जाईन. वहिनी, तुमच्या यजमानांकडे एक होता ना?

- ताई