मंद निळसर-पांढरा तारा: सिलिकॉन ठळक, हीलियम क्षीण. प्रकार कसा ठरवायचा?

प्रश्न: एचडी २१५४४१ (लॅसर्टा तारकासमूह, प्रत म्हणजे तेजस्विता सुमारे ८.८). वर्णपटात सिलिकॉनच्या रेषा ठळक, हीलियम अगदी क्षीण. हा पारा-मँगनीज तारा (ज्याच्या वर्णपटात पारा आणि मँगनीज ठळक असतात) म्हणावा का? रंगावरून काढलेलं तापमान चालेल का?

उत्तर १: नाही, हा चुंबकीय सिलिकॉन तारा आहे. ४१२.८ आणि ४१३.१ नॅनोमीटरची सिलिकॉनची जोडी तपासा. पारा-मँगनीज ताऱ्यात ३९८.४ ची पाऱ्याची रेषा उठून दिसते. विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवायची वर्णपटमापकाची ताकद) १,००० असेल तर सिलिकॉनची जोडी एकमेकींत मिसळते. किमान ५,००० हवी.

खरा निर्णायक पुरावा चुंबकत्वाचा. खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९६० मध्ये या ताऱ्यावर सुमारे ३४,००० गाउसचं (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र नोंदवलं. एवढ्या क्षेत्रात ५०० नॅनोमीटरजवळची साधी रेषा दोन्ही बाजूंना सुमारे ०.०४ नॅनोमीटर सरकते, म्हणजे चक्क फुटलेली दिसते. त्यासाठी मात्र विभेदनक्षमता २०,००० च्या वर लागेल. फार सुंदर तारा आहे हा!

उत्तर २: नुसत्या रंगावर विसंबू नका. आंतरतारकीय धुळीमुळे तारा लालसर, म्हणून थंड भासतो. शिवाय धातू अतिनील प्रकाश शोषतात, ती ऊर्जा दृश्य भागात बाहेर पडते आणि वर्णपटात ५२० नॅनोमीटरजवळ खळगा पडतो. हीलियमवरून तापमान काढलं तर तेही कमीच येईल. आधी हायड्रोजनच्या बामर रेषांचे (दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषांचे) पंख, म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंचे पसरट भाग, जुळवा.

उत्तर ३: एकाच रात्रीचा वर्णपट पुरणार नाही. परिवलनकाळ सुमारे ९.५ दिवस आहे आणि मूलद्रव्यं पृष्ठभागावर सारखी पसरलेली नाहीत, त्यामुळे रेषा कलेनुसार, म्हणजे ताऱ्याची कोणती बाजू आपल्याकडे आहे त्यानुसार, बदलतात. शांत वातावरणात प्रारणाचा दाब काही मूलद्रव्यं वर ढकलतो, हीलियम खाली बसतं, म्हणून त्याच्या रेषा क्षीण.