मामाचा रक्तगट 'बॉम्बे' निघाला: बंद जनुक, घरच्यांची तपासणी आणि एक जुना प्रश्न (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या मामाचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. वय 58, खुबा सोडला तर तब्येत ठणठणीत. क्रॉसमॅचला ओ पॉझिटिव्हच्या जेवढ्या पिशव्या लावल्या त्यातली एकही जुळेना. आजवरच्या त्याच्या सगळ्या कागदांवर ओ पॉझिटिव्हच लिहिलेलं आहे. शेवटी नमुना पुढे तपासला आणि उत्तर आलं, बॉम्बे रक्तगट. हा गट 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच नोंदवला आणि भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो, एवढं रक्तपेढीत समजलं. ऑपरेशन तूर्त पुढे गेलंय.

मी वाणिज्य शाखेची. वाचून कळलं ते असं: तांबड्या पेशीवर आधी एच नावाचा घटक तयार होतो, त्याच्यावर ए किंवा बी चढतो. ओ गटात नुसता एच. मामाचं एच बनवणारं एफयूटी1 हे जनुकच काम करत नाही. म्हणून ए, बी, एच काहीच नाही, आणि एचविरुद्धची प्रतिपिंडं मात्र रक्तात हजर. त्यामुळे ओचं रक्तसुद्धा चालत नाही. चुकत असेन तर सांगा.

आता प्रश्न. जनुकच बंद असेल तर माणूस इतकी वर्षं धडधाकट कसा? थॅलेसेमियातही जनुकच बिघडतं ना, तिथे मुलांचे किती हाल होतात.

आई आणि मावशी त्याच्या सख्ख्या बहिणी. आई बी पॉझिटिव्ह, मावशी ओ पॉझिटिव्ह. दोघींनी काय तपासायचं? एका खाजगी लॅबवाल्यांनी घरातल्या सगळ्यांची पूर्ण जनुकीय तपासणी सुचवली आहे. खर्च बराच आहे. गरज आहे का?

आणि तिसरा, माझ्यासाठी सगळ्यात मोठा. मामी ओ, मामा कागदावर ओ, मामेबहीण मात्र बी. तिच्या लग्नाच्या वेळी हे बाहेर आलं आणि नात्यातल्या काही जणांनी मामीबद्दल नको ते बोलून घेतलं. मामी तेव्हापासून कार्यांना येणंच टाळते. याचं उत्तर या बंद जनुकात आहे का? असेल तर अशा भाषेत सांगा की आजीसमोर बसून मला वाचून दाखवता येईल.

प्रतिसाद 1

ताई, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

हो, उत्तर तिथेच आहे. ए-बी ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचं एकोणिसाव्यावर. दोन्ही वेगळी. मामांकडे बीचं जनुक धडधाकट आहे, पण चढायला एचच नसल्याने त्यांच्या पेशींवर बी दिसत नाही. मुलीला बी मामांकडून मिळालं आणि चालू एच मामींकडून. म्हणून तिच्यात तो बी उघड झाला. तुमच्या आईचा गटही बी आहे, म्हणजे तो त्या घरातच आहे. आजींना एवढंच सांगा: मुलीचा बी तिच्या वडिलांचा आहे.

आता तपासणी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; एचच्या दोन्ही बंद असतील तरच हा गट होतो. मामांच्या आई-वडिलांकडे एकेक बंद प्रत असणार, म्हणून बहीण-भावांत प्रत्येकाला हा गट असण्याची शक्यता चारात एक. आईच्या पेशींवर बी स्पष्ट दिसतो, म्हणजे एच आहे, त्यांची काळजी नको. मावशींची मात्र तपासणी हवीच. ए आणि बी ओळखणाऱ्या नुसत्या अँटी-ए, अँटी-बी द्रावणांनी बॉम्बे गट ओसारखाच दिसतो. रक्तपेढीत सांगून एच ओळखणारं अँटी-एच आणि ओ पेशी वापरून रिव्हर्स ग्रुपिंग (मावशींच्या रक्तद्रवात ओ पेशी घालून गुठळ्या होतात का ते पाहणं) करून घ्या. शंका राहिली तर परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था याच कामाची आहे. यासाठी पूर्ण जनुकीय तपासणी लागत नाही.

मामांचं हिमोग्लोबिन 11 च्या वर असेल तर ऑपरेशनआधी त्यांचंच रक्त काढून ठेवता येतं का, हे सर्जन आणि रक्तपेढी दोघांना विचारा. साठवलेली पिशवी साधारण 35 ते 42 दिवस टिकते, म्हणून तारीख दोघांनी मिळून ठरवायला हवी.

प्रतिसाद 2

मी जीवशास्त्र शिकवते, पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते. भारतातल्या बॉम्बे गटात बहुतेकदा एफयूटी1 मध्ये डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं (725 व्या जागी टीच्या जागी जी), तेवढ्याने एच बनवणारं विकर (एन्झाइम) निकामी होतं. शेजारचं एफयूटी2 तर मोठ्या तुकड्यासकट गळालेलं असतं. ते लाळेसारख्या स्रावांत एच बनवतं. दोन्ही शेजारी असल्याने बिघाड एकत्रच पुढे जातो.

थॅलेसेमियात बिघडतं ते हिमोग्लोबिनचं जनुक, त्याच्यावाचून शरीराचं चालतच नाही. एचवाचून चालतं. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांमध्येही जनुक निकामी करणारे सुमारे 100 बदल सापडले, आणि सुमारे 20 जनुकं तर दोन्ही प्रतींत बंद. क जीवनसत्त्व बनवणारं जनुक तर आपल्या सगळ्यांचंच बंद आहे. शेळी ते स्वतः बनवते, आपण आवळा-लिंबातून घेतो. कधी बंद पडणं फायद्याचंही ठरतं: पीसीएसके9 नावाचं जनुक जन्मतः निकामी असलेल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी राहतं आणि हृदयविकार क्वचित होतो. ते पाहूनच त्याला रोखणारी औषधं आली.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आजीला पहिला प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला. तिने लगेच मामीला फोन लावायला सांगितला. मावशी सोमवारी माझ्यासोबत परळला येतेय. तिचा गट बॉम्बेच निघाला तर दोघा बहीण-भावांची नावं दुर्मिळ रक्तदात्यांच्या यादीत कुठे नोंदवायची, तेही इथे सांगून ठेवा.