सासऱ्यांची मार्लिन ३३६: शिशाच्या ओतीव गोळ्या घालून चालवावी, की कपाटात ठेवावी?

पेनसिल्व्हेनियाकर (धागालेखक)

वारशाने आलेली लीव्हर रायफल (घोड्याखालचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची) भिंतीवर टांगून ठेवू नये. ती चालवावी, आणि चालवायची तर तिच्याच नळीच्या मापाने ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांनी चालवावी. हे माझं ठाम मत आहे. मंडळाच्या सहलीत हा विषय निघाला तेव्हा "विकून मोकळे व्हा", "दुकानातली काडतुसं आणा" आणि "घरात शिसं कसलं वितळवता?" अशी तिन्ही मतं एकदम अंगावर आली. तिथे धड बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

रायफल माझ्या सासऱ्यांची. मार्लिन कंपनीची ३३६, काडतूस .३०-३० जातीचं. हे मॉडेल १९४८ साली बाजारात आलं. आमची १९५६ नंतरची, म्हणजे 'मायक्रो-ग्रूव्ह' नळीची आहे; गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचा, म्हणजे आटे, तिच्यात बारीक आणि उथळ असतात. आमच्या डोंगराळ भागात हरणांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सुमारास सुरू होतो आणि त्यानंतरच्या सोमवारी अजूनही कित्येक शाळांना सुट्टी असते. अशा ठिकाणी ही रायफल घरातल्या माणसासारखीच वावरलेली असते.

दुकानातल्या काडतुसात १७० ग्रेन वजनाची, तांब्याचं आवरण असलेली गोळी असते आणि ती सेकंदाला सुमारे २२०० फूट वेगाने सुटते. पन्नास-शंभर यार्डांवरच्या कागदाला एवढा जोर कशाला हवा? ओतीव गोळी १६०० ते १८०० फुटांवर सुखाने चालते. खांद्याला धक्का कमी बसतो, बायको आणि मुलगी दोघी न कचरता चालवतात, आणि तांब्यापेक्षा मऊ शिशामुळे सत्तरीकडे झुकलेल्या नळीची झीजही कमी होते.

खरी गोम मापात आहे. मी मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीच्या तोंडातून हलक्या हाताने ठोकत आरपार काढला. बाहेर आला तेव्हा त्यावर बारा बारीक रेघा उमटल्या होत्या, नखाला जेमतेम जाणवतील एवढ्याच. मायक्रोमीटरवर माप भरलं .३०९ इंच. दुकानातली गोळी .३०८ ची. म्हणून मी .३११ ची ओततो. कारखाना हजारो नळ्यांसाठी एकच माप काढतो; आपल्या नळीचं माप आपणच घ्यायचं असतं.

नळीकार, टेक्सास

साफ असहमत. मायक्रो-ग्रूव्ह आणि ओतीव शिसं यांचं जमत नाही, हे इथल्या रेंजवरचा कुठलाही म्हातारा सांगेल. आटे इतके उथळ आहेत की मऊ गोळी त्यांना धरतच नाही, नुसती घसरत जाते. मागे उरतो तो नळीभर शिशाचा लेप, आणि तो खरवडण्यात रविवार जातो. ओतीव गोळ्यांचीच हौस असेल तर विंचेस्टर कंपनीची खोल आट्यांची जुनी लीव्हर रायफल घ्या. मार्लिनला आवरणवाली गोळीच द्या. तुमच्या सासऱ्यांनी तरी कधी शिसं ओतलं होतं का?

पेनसिल्व्हेनियाकर

@नळीकार, सासऱ्यांनी ओतलं नव्हतं. ते वर्षाला एक डबी काडतुसं आणत आणि ती त्यांना पुरत. मला आणि मुलीला सराव करायचा आहे, तेवढ्याने भागत नाही.

लेप का बसतो ते बघा. गोळी नळीपेक्षा बारीक असली की दारूचा तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि जाता जाता शिसं कापून नळीला चिकटवतो. लोक यावर उपाय म्हणून गोळी अधिकाधिक कडक करतात. लायनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचा कडक शिसेमिश्र धातू) वापरून कडकपणा ब्रिनेल मापाने २२ पर्यंत नेतात आणि तरी लेप बसतोच, कारण माप तेच राहिलेलं असतं. मी ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी घेतो. कडकपणा १५ च्या आसपास येतो. बुडाशी तांब्याची छोटी टोपी बसवतो, जिला गॅस चेक म्हणतात, आणि गोळीच्या खाचांत मेण व ॲलॉक्स या चिकट पदार्थाचं वंगण भरतो. उथळ आट्यांबद्दलचं तुमचं म्हणणं २१००-२२०० फुटांवर खरं ठरू शकतं. मी त्या वेगाला जातच नाही.

नळीकार, टेक्सास

म्हणजे रायफलची अर्धी ताकद काढून घ्यायची आणि वर म्हणायचं की ती छान चालते! .३०-३० मुळात धूरविरहित दारूसाठी, १८९५ मध्ये आलेलं काडतूस. त्या काळी त्याचा वेग हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. तुम्ही त्याला पुन्हा काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या जमान्यात नेताय. मापाचं मात्र पटलं, माझ्या नळीचं माप मी कधी घेतलेलं नाही.

दोन मुलांची आई, न्यू जर्सी

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे वेग आणि आटे बाजूला ठेवून बोलते. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये संदर्भपातळी डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. लोक धुराला घाबरतात, पण शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ओतकामाच्या तापमानाला त्याची वाफ फार होत नाही. घात करते ती वरची साय. ती काढताना भुरभुरीत राखाडी पूड उडते. ती बाह्यांवर बसते, बुटांना लागते, दाराच्या मुठीवर जाते आणि तिथून रांगत्या पोराच्या तोंडात. घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. एका छंदापायी घरातल्या पोराची बुद्धी पणाला लावायची? रायफल ठेवा, हवं तर चालवा, पण काडतुसं विकत आणा.

जुनं लोखंड, ओहायो

ताई बरोबर आहेत, पण मी वेगळ्याच कारणासाठी विरोध करतो. १९६४ पूर्वीची विंचेस्टर ९४ वारशात मिळाली असेल तर कृपया तिला काहीही घालू नका. १९६४ मध्ये कंपनीने बनवण्याची पद्धत स्वस्तातली केली, त्यामुळे त्याआधीच्या रायफली संग्राहक शोधत असतात. आधी सिरियल नंबर बघा. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदी आहेत, आणि बऱ्याच जुन्या नंबरांसाठी तिथून पत्र मिळतं. १८९४ मध्ये हे मॉडेल आलं ते .३२-४० आणि .३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी. .३०-३० साठी विंचेस्टरने निकेलमिश्रित पोलादाची नळी काढली. म्हणून "आजोबांची विंचेस्टर आहे ना, मग घाल गोळी" हे धोक्याचं आहे. नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराला आधी दाखवा.

शिवाय १९३० च्या आधीच्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी असलेली, ठिणगी पाडणारी टोपी) क्षार उरायचे, आणि साफ न केलेल्या नळ्या त्यांनी आतून खाल्ल्या. खड्डे पडलेल्या नळीत शिसं हमखास अडकतं.

पेनसिल्व्हेनियाकर

@जुनं लोखंड, विंचेस्टरबद्दल वाद नाही. पण ३३६ लाखांनी बनल्या आहेत. ती दुर्मीळ वस्तू नव्हे, ती वापरायची वस्तू आहे. वापरली नाही तर तिचा वारसा म्हणजे नुसतं तेल लावलेलं लोखंड.

@ताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे. माझं ओतकाम घरापासून लांब, मोकळ्या शेडमध्ये चालतं. तिथले कपडे आणि बूट तिथेच राहतात, साय झाकणाच्या डब्यात जाते, तिथे खाणंपिणं नाही, आणि मी दरवर्षी रक्त तपासून घेतो. ओला साचा किंवा ओलं शिसं भांड्याजवळही येऊ देत नाही, कारण थेंबभर पाण्याने वितळलेलं शिसं अंगावर उडतं. एवढं ज्याला जमणार नाही त्याने ओतू नये, हे मीही म्हणतो.

कोंडोरप्रेमी, कॅलिफोर्निया

घरातल्या मुलांचं बोललात, रानातल्या पाखरांचं कोण बोलणार? १९८२ मध्ये जगात अवघे २२ कॅलिफोर्निया कोंडोर (मेलेल्या जनावरांवर जगणारी मोठी गिधाडं) उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा मोकळा पक्षीही पकडून पिंजऱ्यात वाढवावा लागला. आज सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचं मुख्य कारण शिसंच आहे, आणि ते येतं शिकारीनंतर रानात टाकलेल्या आतड्यांतून. म्हणून इथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. २०२२ मध्ये ३८ राज्यांतल्या बाराशेहून जास्त गरुडांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या जवळपास निम्म्या गरुडांत दीर्घकाळची शिसेबाधा निघाली. कागदावर हवं तेवढं शिसं झाडा, पण हरणावर तांब्याचीच गोळी हवी.

पेनसिल्व्हेनियाकर

आकडे मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. आतड्यांत सर्वात जास्त कण विखुरते ती वेगवान, पातळ आवरणाची गोळी. १७०० फुटांची कडक ओतीव गोळी बहुधा अखंड आरपार जाते. शिवाय मी आतडी पुरतो.

कोंडोरप्रेमी, कॅलिफोर्निया

"बहुधा" वर गरुड जगत नाही. गोळी हाडाला लागली तर? आणि पुरलेलं अस्वल उकरतं. .३०-३० साठी सपाट टोकाच्या तांब्याच्या गोळ्या मिळतात. हंगामात लागतात किती? दोन-तीन. तेवढ्यासाठी हट्ट कशाला?

एच-वन-बीवाला, सिएटल

मध्येच विचारतो. माझ्या रूममेटला अशीच एक रायफल भेट मिळतेय. आम्ही दोघेही व्हिसावर आहोत. चालेल का?

जुनं लोखंड, ओहायो

आधी वकिलाला विचारा, हातही लावू नका. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूकच नव्हे, काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. आणि लीव्हर रायफलच्या नळकांडी मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळी कधीच भरू नका. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं, आणि धक्क्याने मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो.

नागपूरकर

इथले वाचक उत्साहात येतील म्हणून लिहितो. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका राहू शकतात, आणि वारशाने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात.

दोन मुलांची आई, न्यू जर्सी

@पेनसिल्व्हेनियाकर, तुमची शेडची शिस्त वाचली. एकच विचारते, गोळ्या ओतताना मुलगी तिथे येते का?

पेनसिल्व्हेनियाकर

नाही. ती अकरा वर्षांची आहे. नेम धरायला माझ्याबरोबर रेंजवर येते, शेडमध्ये तिला प्रवेश नाही. ओतायचं की नाही हे मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल.

दोन मुलांची आई, न्यू जर्सी

मग रेंज उघड्यावरची निवडा. बंदिस्त रेंजवर तुमची गोळी तांब्याची असली तरी प्रायमरमधलं शिसं हवेत उडतंच, आणि बाजूच्या दहा जणांचंही तिच्या नाकात जातं. आणि पुढच्या तपासणीला एकटे जाऊ नका, तिचंही रक्त द्या.