वायफायवर अनोळखी फोन दिसतोय

कोथरूडकर: राउटरच्या यादीत रात्री अकरानंतर एक अनोळखी फोन दिसतो. पासवर्ड बदलला, तरी स्वारी पुन्हा हजर! मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांच्या, म्हणजे उपकरणांच्या ओळख क्रमांकांच्या, फोनलाच प्रवेश) लावू का?

जुना_खोडकर: त्याने काही होत नाही. मॅक पत्ता हवेत उघडाच फिरतो, कुणीही नक्कल करतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, चालू आहे का ते बघा. पिन आठ अंकी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा. उरतात जेमतेम ११,००० शक्यता! २०११ पासून जगजाहीर आहे हे. पिन फुटला की नवा पासवर्डही आयता मिळतो.

सईची_आई: आधी घरचे फोन मोजा हो. अँड्रॉइड १० पासून फोन सहसा खरा मॅक पत्ता दाखवत नाहीत, त्यामुळे घरचाच फोन अनोळखी वाटू शकतो. आणि पोरं क्यूआर दाखवून मित्रांना पासवर्ड वाटतात, ते वेगळंच. त्या मित्रांना गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) द्या.

कोथरूडकर: घरचे सगळे फोन बंद करून पाहिलं, तरी तो होताच. डब्ल्यूपीएस चालू निघालं, बंद केलं. बसवणाऱ्याने राउटरचं लॉगिन अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच ठेवलं होतं, तेही बदललं. डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय सुरक्षा पद्धतीला मात्र आमचा म्हातारा प्रिंटर जुमानत नाही.

जुना_खोडकर: मग त्याआधीची डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा, पासवर्ड लांबलचक. टीकेआयपी ही जुनी, कमकुवत पद्धत नको.