‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा?

प्रश्न
सातवीच्या मुलांना इंग्रजी क्रियापदे शिकवताना हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. ‘सिंग’चे ‘सँग’ होते तेव्हा निदान मागची-पुढची व्यंजने तीच राहतात. ‘गो’ आणि ‘वेंट’ यांत मात्र एकही ध्वनी समान नाही. ‘अपवाद आहे, पाठ करा’ असे सांगून मुलांची बोळवण करणे मला रुचत नाही. जाणकारांनी यामागचे कारण कृपया सांगावे.

प्रतिसाद १
‘वेंट’ हे मुळात ‘गो’चे रूपच नाही. वळणे, वाट धरणे या अर्थाचे ‘वेंड’ हे स्वतंत्र क्रियापद होते आणि ‘सेंड’चे ‘सेंट’, ‘बेंड’चे ‘बेंट’ व्हावे तसे त्याचे ‘वेंट’ होत असे. जुन्या इंग्रजीत जाण्यासाठी ‘गान’ हे क्रियापद होते, पण त्याचा भूतकाळ ‘एओदे’ हाही दुसऱ्याच धातूचा होता. म्हणजे ही जोडी आधीपासूनच विजोड होती. पुढे ‘एओदे’ मागे पडले आणि १५व्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये त्याची जागा ‘वेंट’ने कायमची घेतली. उत्तरेकडे, स्कॉट्स भाषेत, ‘गो’लाच प्रत्यय लागून ‘गेड’ असे रूप झाले. भूतकाळ असा हातचा गेल्यावर ‘वेंड’साठी ‘वेंडेड’ हे नवे रूप वापरात आले.

प्रतिसाद २
मुलांना आधी मराठीतले उदाहरण द्यावे, असे मला मनापासून वाटते. आपण ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेलो’ म्हणतो, तेव्हा नेमके हेच घडत असते. ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूतून आला, जो ‘यात्रा’ आणि ‘प्रयाण’ या शब्दांत आजही दिसतो. ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या ‘गत’ या रूपातून प्राकृतमार्गे आला. फ्रेंचमध्येही ‘जाणे’ या क्रियापदाची वर्तमान आणि भविष्यकाळाची रूपे वेगवेगळ्या लॅटिन धातूंतून आली आहेत. रोज शंभरदा तोंडी येणारी रूपे मूल ऐकूनच उचलते, त्यामुळे ती नियमात बसत नसली तरी टिकून राहतात.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘ग’ दिसतो म्हणून ‘गो’चे नाते ‘गम्’शी जोडू नये. ‘गम्’चा खरा सगोत्र इंग्रजी शब्द ‘कम’ हा आहे, कारण संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या समान मूळ भाषेतला ‘ग’सारखा ध्वनी जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, नियमाने ‘क’ झाला. आपल्या ‘जानु’ची जोड इंग्रजी ‘नी’शी, म्हणजे गुडघ्याशी, लागते तीही याच नियमाने, आणि त्या शब्दाच्या (knee) लेखनात आरंभीचे ‘क’चे अक्षर अजून शिल्लक आहे.