समाधान एकाचेच का?

प्रश्न: लग्नाला नऊ वर्षे झाली. स्वतःचे समाधान झाले की पती कूस बदलून झोपतात आणि मी छताकडे पाहत जागी राहते. माझ्या शरीरातच काही उणे आहे का?

उत्तर 1: मुळीच नाही. शिश्निकेचा, म्हणजे क्लिटोरिस या स्त्रीच्या कामसुखाच्या मुख्य अवयवाचा, बहुतांश भाग शरीराच्या आत असतो, हे ऑस्ट्रेलियन मूत्रविकारतज्ज्ञ हेलन ओ'कॉनेल यांनी 1998 साली शवविच्छेदनातून सविस्तर मांडले (इतक्या उशिरा!); केवळ योनिसंभोगाने अनेक स्त्रियांना परमोच्च सुख मिळत नाही.

उत्तर 2: मी पुरुष आहे. ‘तुला काय आवडते?’ हे बायकोला विचारायला मला बारा वर्षे लागली; तिने उत्तर न देता माझा हात धरून नेमकी जागा दाखवली.

प्रश्नकर्ती: सुखाचे सोंग आता बंद. बोलेन, पण अंथरुणात नव्हे, दिवसाउजेडी.